हार्ड डिस्कचा आवाज: आधी ओळखा, मग सेटिंग बदला

जुन्या लॅपटॉपमधून आवाज यायला लागला की माणसं दोन प्रकारे वागतात. काहींना साधी ‘टक्’ ऐकू आली तरी डिस्क गेलीच असं वाटतं आणि ते दुरुस्तीच्या दुकानाकडे धाव घेतात. बाकीचे ‘जुना झालाय, करणारच आवाज’ असं म्हणून महिनोन्‌महिने काम चालू ठेवतात. पहिल्यांचे थोडे पैसे वाया जातात. दुसऱ्यांचे मात्र लग्नाचे फोटो, दुकानाचे हिशेब, अर्धा लिहून झालेला प्रबंध असं काहीही जाऊ शकतं.

आता विकले जाणारे बहुतेक लॅपटॉप एसएसडीवर चालतात. तिच्यात फिरणारा भागच नसल्यामुळे आवाजाचा प्रश्न येत नाही. पण टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला स्वस्तातला लॅपटॉप, दुकानात टॅली चालवणारा, डीटीपीवाल्याच्या टेबलावरचा, मोठ्या भावाकडून धाकट्याकडे आलेला, असे कितीतरी लॅपटॉप अजून फिरत्या डिस्कवर काम करतात. त्यांचा आवाज थोडा कमी करता येतो, वेग थोडा वाढवता येतो आणि डिस्कची झीजही आटोक्यात ठेवता येते. मात्र या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक ओढली की दुसरी हलते. म्हणून कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी आत काय चालतं ते समजून घ्यावं लागतं.

आत काय फिरतं, काय हलतं

लॅपटॉपची डिस्क अडीच इंची असते. आत चुंबकीय थर दिलेल्या काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या एक-दोन तबकड्या असतात. त्या बहुतेक डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० आणि काहींत ७,२०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९० किंवा १२०. शांत खोलीत लॅपटॉपला कान लावला की जी मंद ‘घुं’ ऐकू येते, ती याच फिरण्याची.

तबकडीवरचं वाचायला आणि लिहायला हेड असतं. ते तबकडीला टेकत नाही. वेगाने फिरणारी तबकडी आपल्याबरोबर हवा ओढते आणि त्या हवेच्या थरावर हेड तरंगत राहतं. दोघांमधलं अंतर अवघं काही नॅनोमीटर असतं. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती कमी आहे याचा अंदाज येईल. सगळा भार हवेवर असल्यामुळे बहुतेक डिस्क समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीपर्यंतच चालवाव्यात असं कंपन्या सांगतात. लेह ३,५०० मीटरवर आहे. लडाखच्या सहलीला जुना लॅपटॉप सोबत नेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

हेड एका बारीक दांडीच्या टोकाला बसवलेलं असतं. दांडीच्या दुसऱ्या टोकाला तारेचं वेटोळं आणि त्याच्या वर-खाली ताकदवान चुंबक. वेटोळ्यात वीज सोडली की दांडी झर्रकन हलते आणि हेड हव्या त्या वर्तुळावर जाऊन थांबतं. काम नसेल तेव्हा ती दांडी तबकडीच्या कडेबाहेर जाते आणि तिथल्या छोट्या प्लास्टिकच्या उतारावर चढून बसते. यालाच हेड ‘पार्क’ होणं म्हणतात.

तबकडीचं फिरणं, दांडीचं धावणं आणि हेडचं उतारावर चढणं-उतरणं या तीन हालचाली ध्यानात ठेवल्या की आवाज ओळखणं सोपं जातं.

कुठला आवाज कशाचा

आधी तो आवाज पंख्याचा नाही ना, हे पाहा. पंख्याचा आवाज हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो आणि त्याबरोबर एका बाजूने गरम हवा येते. डिस्कचा आवाज तुटक असतो आणि बहुधा तळहात टेकतो त्या भागाखालून येतो.

एकसारखी मंद घरघर हा मोटरचा आवाज. त्यात काळजीचं काही नाही. जुन्या डिस्कच्या मोटरमध्ये पोलादी गोळ्यांचे बेअरिंग असत आणि ते झिजले की सूर चढत जाई. गेल्या वीसेक वर्षांतल्या डिस्कमध्ये तेलाच्या पातळ थरावर फिरणारे बेअरिंग आहेत, त्यामुळे वयाबरोबर घरघर वाढायला नको. ती वाढल्यासारखी वाटली, तर आधी डिस्कचा पत्रा धरणारे स्क्रू ढिले झालेत का आणि लॅपटॉप पोकळ टेबलावर ठेवलाय का, ते बघा. टेबलाची फळी हा आवाज सहज मोठा करते.

मोठी फाइल उघडताना, विंडोज सुरू होताना येणारी बारीक ‘किर्र-किर्र, खर्र’ म्हणजे दांडीची धावपळ. हाही कामाचाच आवाज आहे.

मधूनच एकटी ‘टक्’ किंवा ‘टिक्’ ऐकू आली आणि त्यानंतर काही सेकंद शांतता, असं असेल तर हेड पार्क होतंय. दिवसात अधूनमधून झालं तर ठीक. दर दहा-पंधरा सेकंदांनी होत असेल तर लक्ष घालायला हवं. सेटिंग बदलून ज्याचा सर्वात जास्त उपयोग होतो, तो हाच आवाज.

‘टक्-टक्-टक्’ असा ठरावीक ठेक्यातला ठोका, त्याच वेळी लॅपटॉप गोठलेला किंवा डिस्क दिसेनाशी झालेली, हे मात्र धोक्याचं लक्षण आहे. हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीयेत आणि ते पुन्हा पुन्हा मूळ जागी परत येतंय. धातू घासल्यासारखा आवाज त्याहून वाईट. मोटर अडकून नुसती ‘बीप’ किंवा गुणगुण येणं हेही त्याच वर्गातलं. या तिन्हींपैकी काही ऐकू आलं तर लॅपटॉप लगेच बंद करा. इथे कुठलंच सेटिंग उपयोगाचं नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरत असतो. तो ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव जमतं. डिस्क घरी उघडून बघण्याचाही मोह नको. धुळीचा एक कण हेड आणि तबकडीमधल्या अंतरापेक्षा कितीतरी मोठा असतो.

पहिलं काम बॅकअपचं

सेटिंग बदलायला बसण्याआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या. बाहेरची डिस्क असो, पेनड्राइव्ह असो की क्लाउड, पण प्रत वेगळ्या वस्तूवर हवी. त्याच डिस्कच्या ‘डी’ ड्राइव्हवर केलेली प्रत म्हणजे बॅकअप नाही. मोटर बंद पडली की ‘सी’ आणि ‘डी’ एकदमच जातात.

मग डिस्कची तब्येत पाहा. प्रत्येक डिस्क स्वतःबद्दल काही आकडे नोंदवून ठेवते. या यंत्रणेला ‘स्मार्ट’ म्हणतात. विंडोजवर ते आकडे क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसतात. उबुंटूसारख्या लिनक्सवर ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम बहुधा आधीच असतो. त्यात डिस्क निवडून मेनूतून ‘स्मार्ट डेटा’ उघडायचा.

यादी लांब दिसते, पण आपल्याला थोडेच आकडे लागतात. ५ क्रमांकाची ओळ सांगते की खराब झालेल्या किती जागा डिस्कने बाद करून राखीव जागा वापरायला काढल्या. १९७ म्हणजे वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा. १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेल्या जागा. या तिन्हींपुढे शून्य असावं. शून्य नसेल आणि आठवड्याभरात आकडा वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ झाली आहे. ९ म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली ते, १९४ म्हणजे तापमान, आणि १९३ म्हणजे हेड आजवर किती वेळा पार्क झालं ते. ही १९३ ची ओळ पुढे लागणार आहे.

इथे एक बारकावा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो सुरुवातीला ओळींचे क्रमांक आणि मूळ आकडे सोळाच्या पायातल्या अंकलेखनात दाखवतो. तिथे १९३ हा ‘सी१’ असा दिसतो, १९७ हा ‘सी५’ आणि १९८ हा ‘सी६’. समोरचे आकडेही तसेच विचित्र दिसतात. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमान करून घेतल्या की नेहमीच्या संख्या दिसू लागतात. हे माहीत नसल्यामुळे चांगल्या डिस्कचे आकडे पाहून घाबरणारे बरेच असतात.

सगळे आकडे स्वच्छ असले म्हणजे डिस्क सुरक्षित आहे, असं मात्र समजू नका. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार सर्वात बोलक्या आकड्यांपैकी एकही आधी वाढलेला नव्हता. म्हणजे वाईट आकडा दिसला तर तो गंभीरपणे घ्यायचा, आणि चांगला दिसला तरी बॅकअप चालू ठेवायचा.

या तपासणीत एक मोह टाळा. १९७ चा आकडा वाढलेला दिसला की अनेक जण लगेच चेकडिस्कची पूर्ण तपासणी लावतात किंवा डीफ्रॅग सुरू करतात. दोन्हींमुळे आजारी डिस्कला तासन्‌तास राबावं लागतं, आणि त्यातच ती कोसळू शकते. आधी फाइली बाहेर काढा, मग तपासण्या करा.

दर काही सेकंदांनी होणारी ‘टक्’: एपीएम

डिस्कच्या फर्मवेअरमध्ये ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट, म्हणजे एपीएम नावाचं सेटिंग असतं. त्याची किंमत १ ते २५४ मध्ये ठेवता येते. १ म्हणजे जास्तीत जास्त वीजबचत, २५४ म्हणजे जास्तीत जास्त वेग. १ ते १२७ मधल्या किमतीत डिस्कला तबकडी फिरवणं पूर्ण थांबवायची मुभा असते. १२८ पासून पुढे तबकडी फिरतच राहते, पण हेड पार्क होऊ शकतं. अनेक डिस्कमध्ये २५५ म्हणजे हे सेटिंग पूर्ण बंद, पण काही डिस्क ती किंमत जुमानत नाहीत. लॅपटॉपच्या बऱ्याच डिस्क कारखान्यातूनच १२८ वर येतात.

हेड पार्क करण्यात दोन फायदे असतात. तबकडीवरचा हवेचा ओढा कमी होतो, त्यामुळे बॅटरी थोडी वाचते. आणि त्या क्षणी लॅपटॉपला धक्का बसला तर हेड तबकडीवर आपटत नाही. प्रश्न उद्भवतो तो घाईमुळे. समजा, आठ सेकंद काम नसलं की हेड पार्क करायचं असं फर्मवेअरने ठरवलं आहे. पण संगणक प्रणाली दर काही सेकंदांनी बारीकसारीक नोंदी लिहीत असते. मग हेड उतारावर चढतं न चढतं तोच त्याला खाली यावं लागतं. चढलं की ‘टक्’, उतरलं की ‘टक्’, आणि दर वेळी आपल्या वाट्याला क्षणभराचा खोळंबा. २००७ मध्ये उबुंटू वापरणाऱ्यांमध्ये यावरून मोठा गदारोळ उठला होता. काही लॅपटॉपमध्ये १९३ चा आकडा चिंताजनक वेगाने वाढताना दिसला. डिस्कची घाई आणि प्रणालीचं वारंवार लिहिणं, अशा दोन गोष्टी तिथे एकत्र आल्या होत्या.

तुमच्या लॅपटॉपचं काय चाललंय हे मोजायला एक तास पुरतो. १९३ चा आकडा कागदावर लिहा, तासभर नेहमीचं काम करा आणि पुन्हा पाहा. अडीच इंची डिस्कना साधारण ६ लाख वेळा पार्क होण्याची क्षमता देतात. तासाला १२० वेळा आणि दिवसाला सहा तास असा हिशेब धरला तर रोजचे ७२० होतात आणि ६ लाखांचा साठा सुमारे सव्वादोन वर्षांत संपतो. हेच तासाला १५ वेळा असेल तर तो अठरा वर्षं पुरेल. ६ लाख झाले की डिस्क त्याच दिवशी मरते असं नाही, पण कंपनीने तपासून दिलेली हद्द तिथे संपते. तासाला पंधरा-वीस वेळा होत असेल तर सेटिंगला हात लावू नका. शंभराच्या पुढे असेल तर बदल करण्यात अर्थ आहे.

बदल असा करायचा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये फंक्शन, मग ॲडव्हान्स्ड फीचर, मग ‘एएएम/एपीएम कंट्रोल’ उघडा. आताची किंमत लिहून ठेवा. सरकपट्टी थेट शेवटाला न नेता १९२ च्या आसपास न्या आणि पुन्हा तासभर मोजा. पार्क होणं थांबलं तर तिथेच ठेवा. फरक पडला नाही तर २५४ करून पाहा. लिनक्सवर ‘डिस्क्स’च्या मेनूत ‘ड्राइव्ह सेटिंग्ज’ उघडल्या की एपीएमचा वेगळा टॅब मिळतो. सरकपट्टी तशीच असते. टर्मिनलमधून काम करणारे यासाठी एचडीपार्म ही आज्ञा वापरतात. त्यात एपीएमसाठी मोठ्या लिपीतला ‘बी’ हा पर्याय आहे. या आज्ञेत डेटा कायमचा घालवणारे पर्यायही आहेत, आणि त्यातले काही इतके धोकादायक की ‘मी काय करतोय ते मला माहीत आहे’ अशा अर्थाची लांबलचक कबुली टंकल्याशिवाय ते चालत नाहीत. कुठून तरी उचललेली एचडीपार्मची ओळ न समजता चिकटवू नका. सरकपट्टीने काम भागत असेल तर तीच वापरा.

ही किंमत बऱ्याच डिस्क बंद झाल्यावर विसरतात, काही झोपेतून उठल्यावरही विसरतात. त्यामुळे ती दर वेळी पुन्हा लागू व्हावी लागते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये प्रोग्रॅम विंडोजबरोबर सुरू होण्याचा आणि एपीएम आपोआप लागू करण्याचा, असे दोन्ही पर्याय चालू करावे लागतात. ‘डिस्क्स’मध्ये नोंदवलेलं सेटिंग लॅपटॉप सुरू होताना पुन्हा लावलं जातं. तरी झोपेतून उठवल्यावर एकदा पाहून खात्री करा. बाहेरच्या यूएसबी डिस्कच्या बाबतीत मधला जोडणारा भाग ही आज्ञा अनेकदा पुढे पोचवतच नाही. सरकपट्टी फिकट दिसली तर तो नाद सोडून द्या.

किंमत वाढवल्यावर बॅटरी थोडी लवकर उतरेल आणि तापमान एक-दोन अंशांनी वाढू शकेल. त्याहून महत्त्वाचं म्हणजे धक्क्यापासून मिळणारं संरक्षण कमी होईल. लॅपटॉप घरात टेबलावरच असतो त्यांना याची चिंता नको. पण पुणे-मुंबई रोज रेल्वेने जाणारा, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम करणारा माणूस असेल, तर त्याने मूळ १२८ च ठेवलेलं बरं. त्याच्यासाठी ती ‘टक्’ डिस्क वाचवत असते.

किर्रकिर्र कमी करणारं सेटिंग: एएएम

दुसरं सेटिंग ऑटोमॅटिक अकूस्टिक मॅनेजमेंट, म्हणजे एएएम. हे दांडीच्या धावण्याचा वेग ठरवतं. १२८ म्हणजे सर्वात शांत, २५४ म्हणजे सर्वात वेगवान. एखादा रिक्षावाला सिग्नलपर्यंत रिक्षा भरधाव नेऊन करकचून ब्रेक लावतो, दुसरा लांबूनच वेग उतरवत आणतो. दोघेही सिग्नलला पोचतात, पहिला थोडा आधी आणि आवाज करत. एएएम १२८ वर ठेवलं की दांडी दुसऱ्या रिक्षावाल्यासारखी वागते. वर्तुळ शोधायला काही मिलिसेकंद जास्त लागतात, पण खरखर स्पष्ट कमी होते.

यात डेटाला धोका नाही आणि झीजही वाढत नाही. नुकसान फक्त वेगाचं. रात्री बाळ झोपलेल्या खोलीत काम करायचं असेल, ध्वनिमुद्रण करायचं असेल, तर हा सौदा चांगला आहे. अडचण इतकीच की हे सेटिंग पुढे मानकातून वगळलं गेलं आणि बऱ्याच नव्या डिस्कमध्ये ते नसतंच. तुमच्या डिस्कमध्ये नसेल तर ते आणण्याचा कुठलाच मार्ग नाही. तसा दावा करणारे प्रोग्रॅम उतरवून घेऊ नका.

तबकडी किती वेळाने थांबवायची

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, प्रगत सेटिंगखाली, ‘टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर’ अशी ओळ असते. नेहमीच्या संतुलित योजनेत ती विजेवर २० मिनिटं आणि बॅटरीवर १० मिनिटं असते. शांतता हवी म्हणून ती एक-दोन मिनिटांवर आणायचा विचार अनेकांच्या मनात येतो. तसं करू नका. थांबलेली तबकडी पुन्हा पूर्ण वेगाला आणताना मोटर सर्वात जास्त वीज घेते आणि तुमचं काम काही सेकंद अडून राहतं. दिवसातून पन्नास वेळा ती थांबून पुन्हा सुरू झाली, तर बचतही फारशी होत नाही आणि झीज मात्र वाढते. विंडोजने दिलेल्या वेळा योग्यच आहेत, त्या तशाच राहू द्या.

१०० टक्के डिस्क आणि वेग मात्र शून्यागत

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कसमोर १०० टक्के दिसतं, पण वेग पाहावा तर सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही. अशा वेळी डिस्क बिघडली असं वाटतं. आकडेमोड केली की उलगडा होतो. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला एक फेरा घ्यायला ११.१ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ५.६ मिलिसेकंद. त्याआधी दांडीला योग्य वर्तुळावर पोचायला साधारण १२. एका मागणीला एकूण साडेसतरा मिलिसेकंद झाले, म्हणजे सेकंदाला सत्तावन्न मागण्या. प्रत्येक मागणी ४ केबीची आणि विखुरलेली असेल तर सेकंदाला जेमतेम २३० केबी हाती येतात. तीच डिस्क एका ओळीतली मोठी फाइल वाचताना १०० एमबीच्या आसपास जाते.

यावरून उपाय आपोआप कळतो. डिस्कला वेगवान करता येत नाही, विखुरलेल्या मागण्या मात्र कमी करता येतात. आणि मागण्या कमी झाल्या की दांडी कमी धावते, म्हणून आवाजही कमी होतो. इथे वेग आणि शांतता दोन्ही एकाच वेळी मिळतात, म्हणून माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत इथेच घ्यावी.

रिसोर्स मॉनिटर उघडून त्यातल्या ‘डिस्क’ पानावर जा. कुठला प्रोग्रॅम किती वाचतोय, लिहितोय ते तिथे नावानिशी दिसतं. लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम असेल आणि ब्राउझरचे दहा टॅब उघडे असतील, तर यादीत बहुधा ‘पेजफाइल’ वर दिसेल. रॅम पुरत नाही म्हणून विंडोज डिस्कचाच वापर रॅमसारखा करतंय. जागा असेल तर रॅम ८ जीबी करणं हा खर्च इथे सार्थकी लागतो. किर्रकिर्र कमी करण्याचा तो एक खात्रीचा मार्ग आहे.

त्यानंतर टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावरून सुरू होतानाच उघडणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा. विंडोजच्या शोधयंत्रणेला सगळी डिस्क चाळू देण्याऐवजी फक्त डॉक्युमेंट्सचा फोल्डर द्या. विषाणू तपासणीची वेळ जेवणाच्या सुट्टीत ठेवा, पण ती बंद करू नका. डिस्कवर पंधरा-वीस टक्के जागा मोकळी राहू द्या. डीफ्रॅग विंडोज स्वतः ठरावीक काळाने करतं, त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागत नाही.

काही अडीच इंची डिस्कमध्ये, विशेषतः अलीकडच्या १ आणि २ टीबीच्या, डेटाच्या ओळी कौलांसारख्या एकमेकींवर चढवून लिहिलेल्या असतात. अशी डिस्क मोकळ्या वेळात आपली आवराआवर करते. म्हणून तुम्ही काहीच करत नसतानाही ती दहा-पंधरा मिनिटं खरखरत राहू शकते. तो बिघाड नाही, तिला ते काम पुरं करू द्या.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या ‘पॉलिसीज’ पानावर दोन खुणा असतात. पहिली, लिहिण्याचा कॅशे चालू ठेवण्याची, ती आहे तशीच ठेवावी. दुसरी, कॅशेमधला मजकूर डिस्कवर उतरवण्याची सक्ती बंद करणारी. वेग वाढतो म्हणून ती लावायला सांगितलं जातं, पण लावू नका. वीज अचानक गेली तर लिहिलं गेलं असं वाटणारा मजकूर लिहिलेलाच नसतो, आणि कधी कधी सगळी फाइल-रचनाच बिघडते.

वीज, ऊन आणि धक्का

बॅटरी पूर्ण मेलेला लॅपटॉप थेट ॲडॅप्टरवर चालवणारी कितीतरी घरं आणि दुकानं आपल्याकडे आहेत. वीज गेली की लॅपटॉप जागीच बंद. त्या क्षणी फिरत्या मोटरमध्ये उरलेल्या गतीपासून थोडी वीज तयार होते आणि तिच्या बळावर दांडी घाईघाईने उतारावर फेकली जाते. पार्क करण्याचा हा प्रकार कडक असतो, आणि डिस्क तो नेहमीच्या पार्किंगच्या तुलनेत फारच कमी वेळा सोसू शकते. स्मार्टमध्ये १९२ क्रमांकाच्या ओळीत त्याची मोजणी असते. लोडशेडिंगच्या भागात एपीएमच्या सरकपट्टीपेक्षा नवी बॅटरी किंवा छोटा यूपीएस डिस्कला जास्त वर्षं देईल. पॉवरचं बटन दाबून धरून लॅपटॉप बंद करण्याची सवयही याच कारणासाठी सोडावी.

लॅपटॉपच्या डिस्कना साधारण ६० अंश सेल्सिअसपर्यंत चालण्याची मुभा असते. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला असेल, तर ती हद्द दूर नाही. १९४ ची ओळ पन्नाशीच्या पुढे गेलेली दिसली की लॅपटॉप कडक पाटावर घ्या, हवेच्या फटी साफ करा आणि मोठी कामं सकाळी उरका.

धक्क्याचं गणित सोपं आहे. बंद डिस्क चालू डिस्कच्या दुपटीहून जास्त धक्का सोसते. म्हणून लॅपटॉप बंद केल्यावर किंवा झोपवल्यावर काही सेकंद थांबा आणि मगच पिशवीत टाका. चालू लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेण्याची वेळ आली, तर तो आधी झोपवा.

कंपनही डिस्कला त्रास देतं, याचा एक विलक्षण दाखला मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २०२२ मध्ये नोंदवला. जॅनेट जॅक्सनचं ‘ऱ्हिदम नेशन’ हे गाणं वाजवलं की एका कंपनीचे लॅपटॉप बंद पडत, इतकंच काय, शेजारी ठेवलेले दुसरे लॅपटॉपही बंद पडत. गाण्यातला एक सूर त्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होता. शेवटी कंपनीने ध्वनियंत्रणेतूनच तो सूर गाळून टाकला. स्पीकरवर किंवा सबवूफरशेजारी लॅपटॉप ठेवू नये, ते याचमुळे.

थांबायचं कुठे

एका वेळी एकच सेटिंग बदला, जुनी किंमत लिहून ठेवा आणि निदान दोन-तीन दिवस तसंच वापरून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही, आणि बिघडलं तर परत कुठे यायचं तेही कळत नाही.

५, १९७ किंवा १९८ चा आकडा चढत असेल, ठोका सुरू झाला असेल किंवा एखादी फाइल वाचताना लॅपटॉप वारंवार अडकत असेल, तर सेटिंगची वेळ संपली आहे. त्याच जागेत बसणारी अडीच इंची साटा एसएसडी मिळते. घेताना फक्त जाडी पाहा. बहुतेक एसएसडी ७ मिलिमीटरच्या असतात, आणि ९.५ च्या खाचेत त्या बारीक चौकट लावून बसतात. जुनी डिस्क अजून नीट वाचली जात असेल तर सगळी तशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवता येते. ठोके देणारी डिस्क मात्र घरी उतरवत बसू नका. आतला डेटा मोलाचा असेल तर ती न चालवता डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. ती चालू असतानाचं प्रत्येक मिनिट त्याचं काम अवघड करतं.

डिस्क निरोगी असेल तर इथे सांगितलेल्या बदलांनी तिची ‘टक्’ थांबेल, खरखर कमी होईल आणि लॅपटॉप अजून काही वर्षं बरा चालेल. किती वर्षं, ते मात्र कुठलीच सरकपट्टी आणि कुठलाच आकडा सांगू शकत नाही. म्हणून बॅकअप आजच घ्या. एपीएमचं उद्या पाहिलंत तरी चालेल.